कचेरीचे कुंपण आणि घरचे भुयार

आपल्या मुलुखातून पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे जाऊन संगणकावर पोट भरणाऱ्या तरुणांची संख्या आता थोडी राहिलेली नाही. चतुर्थीच्या सुटीत घरी आलेला त्यांच्यापैकी एखादा माळ्यावरचा जुना संगणक खाली काढतो, धूळ झटकून चालू करतो आणि आईला बजावतो की, हा रात्रंदिवस असाच चालू राहू दे. आईला त्याचे प्रयोजन कळत नाही. विजेचे बिल तेवढे कळते. प्रयोजन असे की, कचेरीच्या संगणकावर जी संकेतस्थळे उघडण्यास मनाई आहे, ती या घरच्या संगणकाने आणावयाची आणि गुपचूप कचेरीत पोहोचती करावयाची. या मध्यस्थाला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. गोव्यातील जुन्या दस्तऐवजांत मुखत्याराला ‘प्रोकुरादोर’ म्हणत. तो शब्द आणि हा ‘प्रॉक्सी’ एकाच लॅटिन मुळातून निघालेले आहेत. दुसऱ्यासाठी आपण पुढे उभे राहणे, हेच दोघांचेही काम.

या विद्येत बुद्धी नाही असे कोण म्हणेल? १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पाळत ठेवून कोणी परवलीचे शब्द पळविले. तेव्हा तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी दोन संगणकांमधील संभाषण कुलूपबंद करणारी ‘सिक्युअर शेल’ ही प्रणाली रचली. जाळ्याचे चोरांपासून रक्षण व्हावे म्हणून निघालेली ही युक्ती आज जाळ्याच्या रखवालदारालाच चुकविण्यासाठी वापरली जाते. तिचे ठरलेले दार २२ क्रमांकाचे. कचेरीची फायरवॉल ते बंद ठेवते. परंतु ४४३ क्रमांकाचे दार तिला सरसकट बंद करता येत नाही, कारण बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत सारी सुरक्षित संकेतस्थळे त्याच दाराने येतात. म्हणून घरचा सर्व्हर ४४३ वर कान लावून बसतो आणि दोहोंमध्ये एक भुयार तयार होते.

मात्र भुयार खणणाऱ्याला वाटते तितके ते अदृश्य नसते. आत काय चालले आहे ते रखवालदाराला दिसत नाही. पण एकच कर्मचारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच घरगुती पत्त्याशी अखंड संभाषण करीत आहे, हे त्याच्या नोंदवहीत स्वच्छ उमटते. शिवाय जो संगणक कचेरीच्याच मालकीचा, त्याच्या पडद्याची छायाचित्रे टिपणारी योजना त्यात बसविलेली असेल तर भुयाराचा उपयोग काय? आणखी एक धोका घरच्या दाराशी आहे. सर्व्हरला कुलूप घालावयाचे राहिले, तर असे उघडे दार शोधणारे लोक जगात पुष्कळ आहेत. त्यांनी त्यातून कोणाला फसविले, तर पोलिसांच्या हाती पत्ता लागतो तो या घराचा. आणि जोडणी बहुधा वडिलांच्या नावे असते.

एवढा खटाटोप तरुण का करतात? केवळ क्रिकेटचे धावफलक पाहण्यासाठी, असे म्हणून हा प्रश्न झटकणे सोपे आहे. पण स्वस्त मोबाइल जोडणी खिशात असताना धावफलकासाठी भुयार कोण खणील? कुंपणच पुष्कळदा आंधळे असते, हे खरे कारण आहे. कंपन्या संकेतस्थळांच्या वर्गवार याद्या विकत घेतात आणि वर्गच्या वर्ग बंद करतात. ‘करमणूक’ बंद केली की चित्रफितीतून एखादी तांत्रिक अडचण समजावणारा शिक्षकही बाहेर राहतो. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या गाळणीने इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांची नोंदणीच नाकारली होती, कारण गावाच्या नावातील काही अक्षरे सलग वाचली असता एक अश्लील शब्द होतो! गाळण्या त्यानंतर सुधारल्या. तथापि यंत्राला अक्षर कळते, अर्थ कळतोच असे नाही, ही अडचण पुरती संपलेली नाही.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. कचेरी आपल्या संगणकांत स्वतःचे प्रमाणपत्र बसवून सुरक्षित संभाषणाचे लिफाफेही मध्येच फोडू शकते. पत्र उघडावयाचे, वाचावयाचे आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडावयाचे. पडद्यावरील कुलुपाचे चिन्ह तसेच राहते. विषाणू आणि व्यापारी गुपितांची चोरी रोखण्यासाठी हे करावे लागते, असे मालक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच वाटेने कर्मचाऱ्याचा बँकेचा परवलीचा शब्द आणि डॉक्टरला लिहिलेले पत्रही जाते. हे त्याला आधी कोणी स्पष्ट सांगितलेले असते काय?

युरोपात हा प्रश्न न्यायासनापुढे गेला. रुमानियातील एका अभियंत्याने कचेरीच्या कामासाठी काढलेल्या संदेशखात्यावरून भाऊ आणि वाग्दत्त वधू यांच्याशी खाजगी बोलणे केले. मालकाने त्याची ४५ पृष्ठे छापून काढली आणि २००७ साली त्याला कामावरून दूर केले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. खाजगी वापराला बंदी आहे हे त्याला ठाऊक होते. परंतु पाळत कशी आणि किती ठेवली जाईल, हे आधी सांगितले नव्हते. मालकाच्या नियमांनी नोकराचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असे न्यायालयाने बजावले.

त्याच्या दोनच आठवडे आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. तरी कचेरीच्या चार भिंतींत त्या हक्काचा आधार तोकडाच पडतो. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या ७ व्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचविण्यासाठी संमतीवाचूनही माहिती हाताळण्याची मुभा ठेवलेली आहे. उलट भुयार खणणारा मात्र नेमणूकपत्रातील अटी मोडून बसलेला असतो, आणि त्याची नोकरी जाण्यास न्यायालयाची पायरीही चढावी लागत नाही.

काही तरुण या खटाटोपाला स्वातंत्र्याचा लढा म्हणतात. हे नाव त्याला शोभत नाही. लढा उघडपणे करावयाचा असतो, आणि येथे उघडपणे मागण्यासारखे पुष्कळ आहे. काय बंद आहे, का बंद आहे, कोणाची कोणती नोंद किती दिवस ठेवली जाते, हे मालकाने लेखी द्यावे. एखादे संकेतस्थळ उघडून हवे असेल तर अर्ज कोणाकडे करावा आणि उत्तर किती दिवसांत मिळेल, हेही त्यात असावे. मग ज्याला खाजगी बोलावयाचे असेल त्याने मधल्या सुटीत स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने बोलावे.

माळ्यावरून उतरलेला तो संगणक तेवढ्याने निरुपयोगी ठरतो असे नाही. रेल्वे स्थानकावर, विमानतळावर किंवा लॉजमध्ये फुकट मिळणाऱ्या जोडणीवर कोण कान देऊन बसला आहे हे प्रवाशाला कळत नाही. तेथे स्वतःच्याच संगणकावरून घरच्या सर्व्हरपर्यंत भुयार काढावे, घरचे दार पक्क्या कुलपाने बंद ठेवावे, आणि वीज गेली तर आईला फोन करून तो पुन्हा चालू करण्यास सांगावे.