शंभराचे चौतीस

सौंसरहून पांढुर्ण्याला येताना एका पिकअपच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो. गाडी दिसतच नव्हती, दिसत होता तो नुसता कापूस. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, दोरांनी आवळलेला, तरी फुगलेला. रस्त्याकडेची बाभळ आली की काट्यांना पांढरे पुंजके अडकायचे. ते मागे लांबवर टिकून होते, म्हणजे आधी गेलेल्या गाड्यांचेही असणार. मला प्रश्न पडला तो साधाच होता. एवढी हवा भाड्याच्या गाडीत भरून हा माणूस कुठे चाललाय, आणि ज्यासाठी चाललाय तो कारखाना त्याच्या शेताजवळ का नाही?

पिकअप पांढुर्ण्याजवळच्या एका जिनिंगच्या फाटकात वळली. मीही वळलो.

फाटकाशी धरमकाटा. भरली गाडी काट्यावर चढली, आकडा स्थिरावला, काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी फाडली. रिकाम्या गाडीचं वजन संध्याकाळी व्हायचं होतं; ते वजा जाता माल पंधरा क्विंटल भरला. मी विचारलं, यातून रुई किती निघेल? त्याने मान वर न करता सांगितलं, "शंभराचे चौतीस."

"आणि बाकीचं?"

"बाकी सरकी न् कचरा. उतारा चांगला असला त पस्तीस. नाही त तेहतीस. तुमी चौतीस धरा जी."

मी चौतीस धरले. पंधरा क्विंटलचे पाच क्विंटल दहा किलो. रुईची एक गाठ 170 किलोची असते, म्हणजे नेमक्या तीन गाठी. त्या तीन गाठी प्रेसमधून निघताना पाहिल्या, तेव्हा मघाच्या त्या फुगलेल्या गाडीची आठवण येऊन हसू आलं. 'छोटा हत्ती' टेम्पोत या तीन गाठी ठेवून वर दोन माणसं पाय पसरून बसली असती.

मधलं काम थोडक्यात सांगतो. कापूस उतरतो, त्याची गंजी लागते, पाला-पाचोळा झटकला जातो, कापूस जिनच्या रुळांवर पडतो. रूळ धागा ओढतात, पात्याशी सरकी अडते आणि खाली गळते. रुई पुढे प्रेसकडे जाते, सरकी मागे ढिगाकडे. हे सगळं सांगून होतं, पण वास सांगता येत नाही. रुळांवरचं चामडं पात्याशी घासून तापतं आणि त्याचा किंचित करपलेला वास सरकीच्या तेलकट वासात मिसळतो. दुपारी जेवताना तो माझ्या बोटांना होता, रात्री शर्टाला.

गंजीवर एक मावशी बसली होती. तोंडाला लुगड्याचा पदर बांधलेला, भुवया रुईने पांढऱ्या. कापसातून सुतळीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, कवडी झालेली पिवळट बोंडं वेचून बाजूला टाकत होती. प्लास्टिकचा एक धागा गाठीत गेला तर पुढे कापड रंगवताना तिथे रंग बसत नाही. ही गोष्ट तिला कुणी सांगितली होती की नाही कोण जाणे, पण तिचे डोळे कापसावरून हलत नव्हते. मी बाजूला उभा राहिलो तेव्हा म्हणाली, "इकडं नोका उभे राहू, नाकात जाते."

कारखाना शेताजवळ का नाही, या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात जुनं आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 मध्ये कारखान्याच्या जागेचा सिद्धान्त मांडला. ज्या कामात कच्च्या मालाचं वजन घटतं, तो कारखाना मालाच्या जवळ हवा, कारण घटणारं वजन लांबवर वाहणं म्हणजे कचऱ्याचं भाडं भरणं. ज्या कामात वजन तसंच राहतं किंवा वाढतं, तो कारखाना बाजाराजवळ चालतो. योगायोग असा की त्याच 1909 मध्ये भूवैज्ञानिक फर्मर यांचा भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्या मँगनीजच्या खडकांच्या गटाला आज सारे भूवैज्ञानिक 'सौसर गट' म्हणतात, ते याच सौंसरवरून. खडकातून मँगनीज काढायचं तर खाण खडकाशीच असणार, तिथे निवड करायची सोय नाही. कापसात मात्र ती आहे.

वेबरचं गणित एका फळीवर करून बघता येतं. घरी आल्यावर मी ते केलं. प्लायवूडच्या तुकड्याला तीन भोकं पाडली, एक शेत, एक सूतगिरणी, एक तेलगिरणी. तीन दोरे एका गाठीत बांधले, टोकं भोकांतून खाली सोडली आणि टोकांना वाळूच्या पुड्या लटकवल्या. शेताला शंभर ग्रॅम. सूतगिरणीला चौतीस. तेलगिरणीला त्रेसष्ट, कारण सरकी साधारण तेवढी निघते. गाठ मधे धरून सोडून दिली. ती जराशी अडखळली, मी फळीला टिचकी मारली, आणि ती सरळ शेताच्या भोकाकडे सरकून तिथेच बसली. चौतीस आणि त्रेसष्ट मिळून सत्त्याण्णव, शंभरापेक्षा तीनने कमी. ती तीन म्हणजे कचरा आणि घट. दोघांनी एकाच दिशेने जोर लावला असता तरी शेताचा दोर हरला नसता.

मग जिनिंग शेतात का नाही? कारण शेत हे एक भोक नाही. पांढुर्णा, सौंसर, मोहखेडच्या बाजूची शेकडो गावं, गावागावात शेकडो वावरं, प्रत्येकाची पुडी दोन-चार क्विंटलची. हे सारे दोर ताणले की गाठ जिथे रस्ते मिळतात तिथे येते. पांढुर्ण्याला नागपूर-बैतूल रस्ता आहे आणि दिल्ली-चेन्नईचा ब्रॉडगेज लोहमार्ग आहे. सौंसरला होती ती नागपूर-छिंदवाड्याची नॅरोगेज, अडीच फुटी रुळांची. त्या गाडीतला माल नागपुरात मोठ्या गाडीत चढवायचा तर हमालांच्या पाठीवर दुसऱ्यांदा चढायचा. एकाच मालाची दोनदा हमाली. 2015 च्या अखेरीस ती छोटी गाडी थांबली आणि रूळ रुंद करण्याचं काम लागलं.

नागपूरच्या बाबतीत हे गणित जमशेटजी टाटांनी वेबरच्या आधी बत्तीस वर्षं मांडलं होतं. सारी कापडदुनिया मुंबईत गिरण्या काढत असताना त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस जवळ, कोळसा जवळ, आणि रेल्वे 1867 मध्ये नागपुरात पोचलेली. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पण तिथे रुई यायची, कापूस नाही. सरकी आधीच गळून पडलेली असायची. वजन घटवण्याचं काम तेव्हाही आमच्यासारख्या गावांनीच केलं.

वजन हेच सारं ठरवतं असंही नाही. सौंसर तालुक्यात बोरगावला रेमंडचा कापड कारखाना 1991 पासून आहे. त्याला लागणारी उंची लोकर इथल्या मेंढ्यांची नाही, ती समुद्रापलीकडून येते. तिथे गाठ कुठे बसेल हे नुसत्या दोरांनी ठरणार नाही, जमीन, सवलती आणि नागपूरची जवळीक यांचे अदृश्य दोर धरावे लागतील.

सीमा हाही एक दोर आहे. 1956 ला राज्यं बदलली, विदर्भ महाराष्ट्राच्या बाजूला गेला आणि मराठी बोलणारं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण बाजारासाठी पाऊल अजून नागपूरकडेच वळतं. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीन दशकं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. काट्यावरचा माणूस हसत म्हणाला, "तवा रात्रीच्या बंड्या येत, आमचे बाप सांगत. तिकडून इकडं." त्या बंड्यांनी कोणत्या पुस्तकाप्रमाणे अंतर मोजलं? जवळचं जिनिंग सोडून लांबचं गाठलं, कारण तिथे भाव होता आणि रोख होता.

पण मला राहून राहून खटकत होतं ते वेगळंच. वेबरच्या फळीवर दोर कुणाच्या हातात आहेत हे लिहिलेलं नसतं. त्या दिवशी जिनिंगवर पिकअपवाल्या शेतकऱ्याला मी विचारलं होतं, भाडं कोण देतं?

"मीच. दुसरं कोन देईन?"

"जाताना?"

"जातानीचंही. रिकामी गाडी का फुकट जाते?"

म्हणजे शेतापासून इथपर्यंतचा शंभराचा दोर त्याच्या खिशातून ताणलेला. इथून पुढे सूतगिरणीपर्यंतचा चौतीसाचा दोर व्यापाऱ्याचा. एकूण खर्च कमीत कमी झाला असेलही, पण त्यातला जड वाटा कुणी उचलला हे त्या एका बेरजेत दिसत नाही. भावात तो वळता होतो, असं अर्थशास्त्र सांगेल. शेतकऱ्याने ते ऐकलं असतं तर मान हलवली असती, पण कोणत्या दिशेने ते सांगता येत नाही. गाडीवाल्याचा मुक्काम वाढला तर त्याचं वेगळं. त्या दिवशी फाटकाबाहेर आणखी अकरा गाड्या उभ्या होत्या, आणि दोन ड्रायव्हर गाडीखाली सावलीत झोपले होते.

मावशीला विचारलं, तुम्ही कुठून येता? तिने पलीकडच्या गावाचं नाव घेतलं. ऑटोने. भाडं?

"कापसाचं शेतकरी देते, सरकीचं शेठ देते. आमचं आमाले." आणि पुन्हा हात कापसात.

पाच वाजता रिकामी पिकअप काट्यावर आली. रिकामं वजन झालं, चिठ्ठी पूर्ण झाली. तरी शेतकरी लगेच निघाला नाही. जवळच्या दुकानातून त्याने ढेपेची दोन पोती उचलून गाडीत टाकली. ढेप म्हणजे सरकीचं तेल काढून उरलेला चोथा, जनावरांचं खाद्य.

त्याच्या आजीच्या काळात घरीच हातानं फिरवायची चरखी होती, असं तो सांगत होता. रुई बाजारात जायची, सरकी गोठ्यात. आता सरकी भाडं भरून इथे येते, तेल देते, आणि पुन्हा भाडं भरून त्याच गोठ्यात परतते.

"बैल त तेच खाते ना जी," तो म्हणाला, आणि दोर आवळू लागला. पोती दोनच होती, पण दोर मघाचाच होता, पंधरा क्विंटलच्या मापाचा. उरलेला दोर गुंडाळता गुंडाळता त्याची दोन मिनिटं गेली.