गायतोंडे यांच्या कॅनव्हासचा वीतभर तुकडा

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या उत्तरकाळातील एखाद्या चित्राचा वीतभर भाग सुटा करून पाहिला, तर आधी नजरेत भरतो तो पोत. कुठे वरचा रंग विरळ होऊन खालचा थर झिरपून आल्यासारखा दिसतो, तर कुठे ओबडधोबड कडेचा एक गडद डाग. त्या डागात कुणाला अक्षर दिसते, कुणाला पक्षी. अर्थ लावण्याची घाई नेमकी इथेच नडते.

गायतोंडे स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हणवून घेत नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना जवळचा होता. हा फरक केवळ शब्दांचा नाही. अमूर्त म्हटले की मूळ वस्तू कुठेतरी होती आणि चित्रकाराने ती गाळत नेली, असे गृहीत धरले जाते. इथे वस्तूच नव्हती. मग पक्षी शोधायचा कशात?

तुकडा भरवशाने सांगतो ते चित्र घडले कसे, एवढेच. आणि ते थोडे नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली बाहेर पडलेल्या या चित्रकाराने पुढे रोलर आणि पॅलेट नाईफ हाती घेतले. तैलरंगाचे पातळ थर चढवायचे, काही ठिकाणी खरवडायचे, कागदाचे कपटे वापरून आकार उमटवायचे, अशी ती रीत. त्यामुळे डागाची कड ही पुष्कळदा कुंचल्याने काढलेली रेषा नसून कागदाची कड असते. त्या कडेवरून फिकट रंगाचा पापुद्रा गेलेला असेल, तर डाग आधीचा आणि पापुद्रा नंतरचा. असा क्रम लावता आला की एरवी सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागाला खोली येते.

समतोल मात्र तुकड्यातून कळत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे कॅनव्हास बहुतेक उभे असतात आणि त्यांत मोकळ्या, शांत रंगाला मोठी जागा असते. पुस्तकात मोठा करून छापलेला तपशील ही शांतताच कापून टाकतो. तिथे गजबजलेला वाटणारा डाग पूर्ण चित्रात, काही पावले मागे सरून पाहिला, तर पाण्यावर तरंगत असल्यासारखा हलका होतो.