आषाढातले पाहुणे, कुलपातली शेड आणि आजींचे जळण



रोप लावणीची घाई असते, वाफ्यात पोटरीएवढा चिखल असतो, डोक्यावरचे इरले वाऱ्याने उडू बघते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पन्हाळ्याच्या अंगाने पाठीवर पिशव्या घेतलेली पोरे-पोरी बांधावरून रांगेने येताना दिसतात. मसाई पठार ओलांडून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असे करत ती पांढरपाण्याला आणि तिथून पावनखिंडीत उतरतात. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या दिशेने विशाळगडाकडे निघाले, त्या वाटेने एकदा तरी चालावे ही त्यांची हौस. पन्नासएक किलोमीटरची चाल, दोन दिवस लागतात. मधली रात्र पडते ती आपल्याच वाड्यांत. 2025 च्या जुलैत पन्हाळ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. माणसे आता वाढणार, कमी होणार नाहीत.

मी शेतीखात्याचा माणूस, शिक्षण कृषी पदविकेचे. मुक्कामाच्या सोयीवर याने का लिहावे, असे कुणाला वाटेल. पण या प्रकरणात माझाही एक गुन्हा आहे, तो आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. गावात चालणाऱ्यांसाठी म्हणून एक पत्र्याची शेड झाली होती. चांगली होती, कोबा केलेला, दाराला कडी-कुलूप. मृगाच्या आधी सोसायटीचे बियाणे आणि युरियाची पोती कुठे ठेवायची म्हणून विचारणा झाली. मी म्हणालो, शेड रिकामीच आहे, तिथे ठेवा, कोरडी राहतील. सल्ला पोत्यांच्या दृष्टीने बरोबर होता. जुलैत एका संध्याकाळी कॉलेजची चाळीसेक मुले चिंब भिजून त्या शेडपुढे येऊन उभी राहिली. दाराला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो माणूस तालुक्याला गेलेला. मग काय, ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो शिरला. काही शाळेच्या व्हरांड्यात, काही देवळात, आणि चौदाजण एका म्हाताऱ्या जोडप्याच्या सोप्यात आणि गोठ्यात.

आजी म्हणाल्या, "पोरं भिजून आल्यात, दारात कशी ठिवायची?" त्यांनी चूल पेटवली. चौदा माणसांचे पिठले-भात झाले, चहा झाला, कपडे वाळवायला रात्रभर जाळ चालू राहिला. पोरे गोठ्यात पिंजरीवर झोपली. सकाळी सगळे पाया पडले. एकाने शंभराची नोट पुढे केली, ती आजींनी त्याच्याच खिशात परत घातली.

पंधरा दिवसांनी भातावरचा खोडकिडा बघायला मी त्या बाजूला गेलो. घरात धूर असा की माणूस दिसेना. आजी ओल्या फाट्याला फुंकर घालत बसलेल्या. वळचणीला पावसाळाभर पुरावे म्हणून रचलेले वाळके जळण आणि शेणी, त्यातला मोठा वाटा त्या एका रात्री संपला होता. आषाढात वाळके लाकूड आणायचे कुठून? आजोबांनी मला गोठ्यातली पिंजर दाखवली. ओल्या अंगाने माणसे झोपली ती दबली, उबली आणि तिला बुरशी आली. म्हैस तोंड लावेना. (बुरशीची वैरण दुभत्या जनावराला घालू नये, हे मी एरवी सगळ्यांना सांगतो. तेव्हा मात्र मला बोलायला तोंड राहिले नव्हते.)

मंडळी, त्या गावात पाहुणचार कमी पडला नाही. छप्परही कमी पडले नाही. कमी पडली ती ठरवाठरव.

आता नवी शेड मागणारे अर्ज होतील. माझे म्हणणे असे की आधी गावातली बंद घरे मोजा. आपल्या पश्चिम भागातली किती कुटुंबे मुंबईला आहेत, आणि किती घरे गणपती-शिमग्यालाच उघडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, आत जागा ऐसपैस. चूल पेटत नाही, धूर लागत नाही, म्हणून वाशांना वाळवी लागते आणि दहा वर्षांत घर बसते. स्कॉटलंडमध्ये हीच वेळ आली होती. मेंढपाळांची आणि शेतगड्यांची डोंगरातली दगडी घरे ओस पडली. चालणाऱ्यांनी 1965 मध्ये माउंटन बॉथीज असोसिएशन नावाची संस्था काढली आणि मालकांच्या परवानगीने ती घरे दुरुस्त करायला घेतली. आज अशी सुमारे शंभर घरे ती सांभाळते. मालकी जमीनवाल्याचीच राहते. दाराला कुलूप नाही, भाडे नाही. जळण ज्याचे त्याने न्यायचे, कचरा ज्याचा त्याने परत आणायचा. बहुतेक ठिकाणी संडास नाही, त्यासाठी फावडे ठेवलेले असते. मेंढ्यांच्या विणीच्या किंवा शिकारीच्या दिवसांत काही घरे मालकाच्या सांगण्यावरून बंद ठेवतात.

तिथले सगळे इथे उचलून चालणार नाही. तिथे आसपास वस्ती नसते, आपल्याकडे दहा पावलांवर शेजाऱ्याचा गोठा. फावड्याचे काम तर आपल्या वाडीत नकोच. पण मालकी मालकाची, वापर वाटसरूंचा आणि देखभाल ठरलेल्या माणसाकडे, हा हिशेब घेण्यासारखा आहे. मुंबईच्या मालकाकडून लेखी संमती घ्या, किती महिन्यांसाठी ते त्यात लिहा, आणि भावकीतला दुसरा हिस्सेदार असेल तर त्याचीही सही घ्या. नाहीतर पाहुणे बाजूला आणि आपण कोर्टात.

घर डागडुजीला काढाल तेव्हा भिंतींच्या रंगावर पैसे घालवू नका. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्या बाजूची पडवी झडपांनी बंद करा आणि येण्याजाण्याचे दार पूर्वेला ठेवा. जमीन सारवलेली असली तर पावसाळ्यात ती पाणी सोडते, निजायच्या जागी फरशी किंवा कोबा बरा. चुलीच्या वर तारा बांधून ओले कपडे टाकायची जागा हवी, नाहीतर माणूस पिंजर शोधणारच. चिखलाचे बूट काढायला बाहेर दगडी पायरी आणि पाण्याचे पिंप एवढे पुरते.

संडासाचे मात्र हयगय करून चालणार नाही. भिजलेल्या, दमलेल्या मुलींना अंधारात ओढ्याकडे पाठवणे हे गावाला शोभत नाही. त्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसे बसतात आणि खालची वाडी त्याच झऱ्याचे पाणी पिते. दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा, पण आपला जांभा भेगाळ आहे हे विसरू नका. खड्डे विहिरीच्या किंवा झऱ्याच्या खालच्या अंगाला आणि शक्य तितके लांब हवेत. पाहुण्यांच्या दिवसांत पाण्यात टीसीएल न चुकता टाका, त्याची नोंद ठेवा.

पैशाबद्दल बोलायला आपली माणसे लाजतात. आलेल्याकडून भाताचे पैसे कसे घ्यायचे, हा आजींचा प्रश्न खरा आहे. म्हणून दर आजींनी सांगायचाच नाही. तो ग्रामपंचायतीने ठरवायचा, फळ्यावर लिहायचा आणि बचत गटाने वसूल करायचा. निजायचे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि जळणाचे वेगळे. हे तिसरे कुणी धरत नाही. एका रात्रीच्या मुक्कामाला किती लाकूड जाते ते एकदा काट्यावर तोलून बघा, म्हणजे दर आपोआप सुचेल. जमा झालेल्यातून आधी चूल सांभाळणाऱ्या बाईचा वाटा काढा, मग इतर. ज्यांना हा व्यवसाय म्हणूनच करायचा आहे त्यांच्यासाठी राज्याचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

आंबा घाटाकडे जाणारे सायकलवाले हे निराळे पाहुणे. ते रात्री फारसे थांबत नाहीत. त्यांना सावली, पाणी, हवेचा पंप आणि सायकल टेकवायला एक आडवा बांबू मिळाला की खूप झाले. रस्त्याकडेला ज्यांचे रसाचे किंवा चहाचे दुकान आहे त्यांनी एवढे केले तरी गिऱ्हाईक थांबेल. आणि पठारावर किंवा वन खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय एक खांबसुद्धा रोवू नका. नंतर पंचनाम्याला आपणच उभे असतो.

हे सगळे 1 मेच्या ग्रामसभेत ठरवा. जूनमध्ये कुणाला वेळ नसतो. किल्ली कुणाकडे, ते गावी नसतील तर दुसरी कुणाकडे, ही दोन नावे दारावर ऑइल पेंटने लिहा. एकावेळी किती माणसे घ्यायची तेही ठरवा, आणि मोठ्या गटांनी आधी कळवून यावे असे त्यांच्या म्होरक्यांना स्पष्ट सांगा. लावणीच्या ऐन चार दिवसांत गावाला जमत नसेल तर नाही म्हणा. लाव्यांची माणसे वाफ्यात असताना चुलीपाशी कोण बसणार?

त्या गावातली पोती आता सोसायटीच्या गोदामात गेली आहेत आणि शेडची किल्ली बचत गटाकडे आहे. शेडच्या मागच्या बाजूला जळण रचायला एक पडवी काढायची ठरली आहे. बांबू आले आहेत, पत्रे यायचे आहेत. मृगाच्या आधी ती उभी करून द्यायचे मी कबूल केले आहे.