जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून हिशेबाचा चालू संगणक भंगारात देण्याची घाई व्यापारी बंधूंनी करू नये. त्यावर मोफत लिनक्स बसवता येते. मात्र आधी हिशेबाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हेही विचारून घ्यावे. प्रोसेसर ३२ बिटचा असल्यास डेबियन १३ बसणार नाही, १२ घ्यावे. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या मेनूतील आज्ञेच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा. तारीख वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. चुकीच्या तारखेने बँकेची पानेही उघडत नाहीत. शक्यतो आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर तपासावा, मगच जुने पुसावे.