कान, किंमत आणि नेटवर्क प्लेअर

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी कॅलिब्रेशनचे काम करतो. दाबमापक, तापमापक, वजनकाटे खरे बोलतात की नाही, हे तपासणे हा माझा रोजचा उद्योग. म्हणूनच असेल, पण निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्यांनी त्यांचा प्रश्न माझ्याकडे आणला. वसाहतीत सगळे त्यांना काका म्हणतात. शास्त्रीय संगीताचे वेड जुने. नागपुरात एका दुकानात ते पावणेतीन लाखांचा नेटवर्क प्लेअर ऐकून आले होते. म्हणाले, "भाऊ, फरक ऐकू येऊन राहिला ना! घेऊन टाकू का?"

पैसे ग्रॅच्युइटीचे होते. त्यामुळे 'तुमची आवड' म्हणून सोडून देण्याजोगा हा प्रश्न नव्हता. महागड्या प्लेअरचा आवाज खरोखर चांगला आहे, हे ठरवायचे कसे? त्यासाठी आधी हे यंत्र काय करते ते पाहू.

खोक्याच्या आत काय घडते?

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेली असते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. या हिशेबाने सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. पुढे तबकडीची जागा फाइलने घेतली. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने २००७ मध्ये 'क्लायमॅक्स डीएस' हा उंची नेटवर्क प्लेअर आणला आणि २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणेच थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून शौकिनांच्या दिवाणखान्यात या यंत्राला मानाचे स्थान मिळाले.

प्लेअर घरच्या हार्ड डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून फाइल मागवतो. ती छोट्या छोट्या पाकिटांत येते. एखादे पाकीट वाटेत हरवले वा बिघडले, तर ते पुन्हा मागवले जाते. आलेली पाकिटे आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात जमा होतात. तेथून प्लेअरच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर आकडे बाहेर पडतात आणि डॅक नावाचा भाग त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. घराच्या छतावरची टाकी आणि नळ यांचे नाते असते तसेच हे. टाकीत पाणी हप्त्याने येवो की सलग, नळाची धार त्यावर ठरत नाही. टाकी रिकामी झाली तर धार थांबते. पाण्याची चव मात्र बदलत नाही.

म्हणून महागडी लॅन केबल लावल्याने ताना 'खुलल्या' हा दावा या रचनेत बसत नाही. आकडे चुकले तर खरखर होईल किंवा गाणे थांबेल. षड्ज जरासा मळकट होणार नाही. खरा फरक पडू शकतो तो डॅकनंतरच्या विजेच्या मार्गात: तेथील गोंगाट, विकृती, आणि अर्थिंग नीट नसेल तर येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण. घड्याळाच्या ठोक्यातील सूक्ष्म चुकाही असतात, पण आज नीट बनवलेल्या स्वस्त यंत्रातही त्या ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच खाली असतात.

खोलीचा वाटा

यंत्राच्या माहितीपत्रकात ११५-१२० डेसिबलचे आकडे असतात. ते खरे असले तरी आपण माहितीपत्रकात बसून ऐकत नाही. रात्री शांत खोलीतही साधारण ३०-३५ डेसिबल गोंगाट असतो. गाणे ९० डेसिबलच्या शिखरापर्यंत वाजवले, तर हाती उरतात ५५-६० डेसिबल. विदर्भातला उन्हाळा घ्या. पारा ४५ च्या वर, खिडकीत कुलर घोंघावतोय, हायवेवरून ट्रेलर आणि रुळांवरून मालगाड्या जाताहेत. अशा वेळी सीडीच्या ९६ डेसिबलचाही मोठा भाग कुलरच्या आवाजाखाली गाडला जातो. आमच्याकडे गाणे बारकाईने ऐकायचा मोसम दिवाळीनंतरच सुरू होतो, तो उगाच नव्हे.

दुसरा मुद्दा खोलीच्या मापाचा. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ आणि ५७ हर्ट्‌झला, तसेच त्यांच्या दुपटीला, म्हणजे ९४ आणि ११३ च्या आसपास स्थिर लहरी तयार होतात. डग्ग्यावर तळवा घासून काढलेली मींड या पट्ट्यातून सरकते. म्हणून एकाच खोलीत एका खुर्चीवर डग्गा घुमतो आणि तीन फूट पुढे सरकले की तोच पोकळ वाटतो. हा फरक कित्येक डेसिबलचा असतो आणि कोणालाही ऐकू येतो. दोन बऱ्या प्लेअरमधला फरक याच्या आसपासही पोचत नाही.

पारख कशी केली

काकांच्या विनंतीवरून दुकानदाराने तो प्लेअर दोन दिवसांसाठी दिला. शेजारी मी एक काही हजारांचा साधा प्लेअर ठेवला. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर तेच. पहिल्या फेरीत कोणता वाजतो आहे ते सर्वांना दिसत होते आणि जमलेल्या सगळ्यांनी एकमुखाने महागड्याला कौल दिला.

मग मल्टीमीटर काढला. एकाच पातळीचा स्थिर सूर दोन्हींवर वाजवून व्होल्टेज मोजले. साध्याचे २ व्होल्ट आणि महागड्याचे २.३ भरले. हा फरक १.२ डेसिबलचा. एवढ्या फरकाला कान 'आवाज मोठा आहे' असे म्हणत नाही. तो 'जास्त मोकळा आहे, जास्त जिवंत आहे' असे म्हणतो. पारखीतील सर्वांत मोठा सापळा हाच.

घरी कोणालाही करता येईल अशी पद्धत पुढे देतो. स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून दोन्ही यंत्रे १ टक्क्याच्या आत जुळवावीत. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या खाली येतो. त्यासाठी १०० ते ४०० हर्ट्‌झचा सूर वापरावा, कारण साधे मल्टीमीटर त्याच्या वर भरवशाचे राहत नाहीत. दोन्हींवर तीच फाइल एकाच क्षणी सुरू व्हावी. एक जरी अर्धा सेकंद मागे राहिला तरी कान त्यावरूनच ओळखतो. यंत्रे कापडाखाली झाकावीत. बदल करणारा माणूस पडद्याआड असावा आणि कोणता लावायचा हे त्याने नाणे उडवून ठरवावे. बदल झटपट व्हावा, कारण आवाजाच्या बारीक पोताची आठवण काही सेकंदच टिकते.

अशा १६ फेऱ्या घ्याव्यात. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ४ आहे. म्हणून १२ ही बरी सीमारेषा. मात्र दहा जणांनी चाचणी दिली, तर नुसत्या नशिबाने त्यांतल्या एकाला तरी १२ मिळण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांश होते. त्यामुळे जो जिंकला त्याची चाचणी पुन्हा घ्यायची.

आमच्याकडे पातळी जुळवून कापड टाकल्यावर पहिल्या फेरीतला एकमुखी कौल विरून गेला. उत्तरे नाण्याच्या छापा-काट्यापलीकडे गेली नाहीत. काकांची तर नाहीतच, आणि त्यांचा कान आमच्यात सर्वांत तयार.

जगातले दाखले

आमच्या खोलीवरून जगाचा निकाल लावता येत नाही. पण मोठे प्रयोग झाले आहेत. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० जणांना स्पीकर ऐकवले, पाहूनही आणि न पाहताही. दिसणाऱ्या यंत्राने मत कसे झुकते ते त्यात स्पष्ट झाले. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण मधेच सीडीच्या दर्जावर उतरवले आणि श्रोत्यांना फरक विचारला. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. त्यांनी वापरलेल्या काही तबकड्यांच्या मूळ दर्जावर पुढे आक्षेप घेतले गेले, तेही लक्षात ठेवावे. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले. साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांत ५२.३ टक्के उत्तरे बरोबर होती आणि प्रशिक्षित श्रोत्यांची कामगिरी अधिक चांगली होती. म्हणजे फरक अगदीच शून्य नाही, पण तो पावणेतीन लाखांचा आहे असे त्यातून निघत नाही.

मग ऐकावे काय?

पारखीसाठी तानपुऱ्यासारखे वाद्य नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले की घोडीच्या वक्र पृष्ठामुळे आणि तारेखालच्या दोऱ्यामुळे, म्हणजे जवारीमुळे, एरवी उमटू नयेत ते स्वयंभू स्वरही या तारेतून उमटतात. ही झुळझुळ ज्या साखळीतून स्वच्छ येते, ती साखळी बरी. याच कसोटीवर आणखी एक गोष्ट कळते. जुन्या मुद्रणाची खरखर घालवताना तानपुराही पुसला गेला असेल, तर तो कोणताच प्लेअर परत आणत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जेमतेम सव्वातीन मिनिटांच्या. १९२५ पूर्वी भोंग्यापुढे गाऊन केलेल्या मुद्रणांत वरचे स्वर मुळात कोरलेच गेले नाहीत. तेथे फरक पडतो तो कोणती प्रत आणि कोणाच्या हातची साफसफाई यानेच.

प्लेअरमधले खरे फरक वेगळ्याच ठिकाणी सापडले. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होताना फाइल बदलते. साध्या प्लेअरने तेथे क्षणभर खंड पाडला आणि समेवर येणारा ठेका तुटला. महागड्याने नाही पाडला. राग, ताल, घराणे यांवरून शोधण्याची सोय, वर्षानुवर्षे मिळणारी सॉफ्टवेअरची दुरुस्ती, व्होल्टेज वरखाली झाले तरी टिकणारा वीजपुरवठा, हे सगळे पारखण्याजोगे आहे. यासाठी पैसे मोजणे शहाणपणाचे, फक्त त्याला 'आवाज' म्हणू नये. सुदैवाने खंड न पाडणारे प्लेअर पंधरा-वीस हजारांतही मिळतात.

काकांनी तसाच एक घेतला. उरलेल्यातून थोडे स्पीकरवर गेले, थोडे जाड पडदे आणि पुस्तकांच्या मांडणीवर. खुर्ची भिंतीपासून पुढे आली. बाकीची रक्कम बँकेत आहे. ज्यांना महागडे यंत्र त्याच्या घडणीसाठी, देखणेपणासाठी हवे असेल त्यांनी ते जरूर घ्यावे. त्या आनंदाला मल्टीमीटर लावायचे कारण नाही. पण दुकानात कोणी 'ऐका, केवढा फरक आहे' असे म्हणाले, तर एवढेच विचारावे: दोन्हींची पातळी जुळवली आहे का, आणि कापड आहे का?