तोड्याची बंदूक आणि उद्याची कथा

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक ज्या गाडीने पुण्याहून मुंबईस निघतात, ती गाडी बोरघाट उतरून कर्जतला क्षणभर थांबते आणि पुढे निघून जाते. परंतु ज्या जगातून ती धावत असते ते आपले जग नव्हे, कारण त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पेशवेपुत्र विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी त्यांच्या कानाजवळून निसटून गेलेली असते, आणि तेवढ्या एका चुकलेल्या नेमापायी ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरताच उरलेला असतो. ही कथा वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा असा समज होतो की, विज्ञान आहे ते कथेच्या उत्तरार्धातील सिद्धांतचर्चेत, आणि पानिपतावरची ती जुनी बंदूक हे केवळ कथा सुरू करण्याचे निमित्त. मला हा समज दूर करावासा वाटतो, कारण त्या बंदुकीची घडण ध्यानात घेतल्यावाचून ‘निसटून गेली’ या शब्दांचे वजनच कळत नाही.

तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे, आणि शिशाची गोळी नळीच्या पोकळीहून किंचित लहान ठेवावी लागे, नाहीतर काही बार काढल्यावर नळीत जमलेल्या काजळीमुळे ती गजाने ठासताच येईना. अशी सैल गोळी सुटताना नळीच्या अंगावर आपटत बाहेर पडे, आणि अखेरचा आघात ज्या बाजूस झाला असेल त्यावर तिची दिशा व गिरकी ठरे. त्यामुळे शंभरेक पावलांपलीकडे तरबेज बरकंदाजासही आपल्या नेमाची खात्री देता येत नसे. नारळीकरांच्या कथेत अनिश्चिततेचे उदाहरण म्हणून इलेक्ट्रॉन येतो, आणि बंदुकीच्या गोळीचा मार्ग मात्र आधी सांगता येण्याजोगा म्हणून त्याच्यासमोर ठेवला जातो. तत्त्वतः ते बरोबरच आहे; गोळीची अनिश्चितता आपल्या अज्ञानातून येते, इलेक्ट्रॉनची त्याच्या स्वभावातून. तथापि ज्या काळच्या हत्याराची ही गोष्ट, त्या हत्याराच्या बाबतीत तिळभर अंतराने राज्य राहणे वा जाणे ही अतिशयोक्ती नव्हती, एवढे निश्चित.

बंदूक आपल्याकडे इंग्रजांनी आणली, हा दुसरा समज तर शाळेपासून सोबत असतो. त्याच पानिपतावर १५२६ साली बाबराने तोफा आणि तोड्याच्या बंदुका चालविल्या होत्या, आणि १५१० मध्ये गोवे घेतलेल्या पोर्तुगीजांमुळे हे हत्यार पश्चिम किनाऱ्यावर त्याआधीच परिचयाचे झाले होते. कर्जत तालुक्यातील पेठचा कोथळीगड, ज्याच्या सुळक्याच्या पोटातून पायऱ्या कोरून वर नेल्या आहेत, तो संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत मराठ्यांचा शस्त्रसाठा होता. १६८४ च्या अखेरीस मोगलांनी अब्दुल कादरकरवी तो हस्तगत केला, तो या साठ्याच्याच कारणाने. इतका हा व्यवहार अंगवळणी पडलेला असल्यामुळे त्याची परिभाषाही अस्सल देशी बनली: काडी नव्हे, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली, संथपणे धुमसणारी दोरी तो तोडा किंवा जामगी, बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे बत्तीच्या छिद्राजवळच्या, पेल्यात घालायची बारीक दारू ती रंजक, आणि दारू दमट होऊन गोळी न सुटता नुसताच आवाज झाला, की तो फुसका बार. अठराव्या शतकातील कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द आला की आजचा वाचक धनुष्य आठवतो. पण बाणदार म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते पुष्कळदा दारूचे अग्निबाण सोडणारे लोक होत. उद्याच्या कथांतील अग्निबाणाची वंशावळ आपल्या दप्तरांतूनही जाते, हे यावरून दिसेल.

जुने हत्यार म्हणजे निरुपयोगी हत्यार, असे मानणाऱ्याने खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळची उंबरखिंड पाहावी. १६६१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे विश्वासरावांच्या पानिपताच्या जवळजवळ शतकभर आधी, कुरवंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्या मोगल सरदार कारतलबखानास शिवाजी महाराजांनी येथेच कोंडले, आणि रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्याने खानास सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. ठासणीची बंदूक उभ्याने, तोंडाकडून, गज फिरविण्यापुरती जागा घेऊन भरावी लागते. दाट झाडीतल्या अरुंद वाटेने एकामागे एक चालणाऱ्या फौजेला ती सवड कोठून मिळणार? तीच बंदूक आधीच भरून, दगडाआड बसून, तोडा फुंकीत वाट पाहणाऱ्याच्या हाती पडली तर गोष्ट निराळी. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’ कादंबरीत, ढाल-कवचांमुळे तोफा कालबाह्य ठरलेल्या युगात, एक पक्ष त्याच विस्मृत तोफा आणून शत्रूच्या लोकांना गुहांत गाडून टाकतो. हत्याराचे सामर्थ्य जागेवर व प्रसंगावर अवलंबून असते, ही जाण तेथेही आहे. चित्रपटांतील बंदुकांविषयी फार लिहीत नाही. ‘स्टार वॉर्स’मधील हान सोलोचे किरणास्त्र १८९६ च्या माउझर पिस्तुलावर सुटे भाग चढवून बनविले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अंतराळात प्राणवायू नाही म्हणून तेथे बंदूक उडणार नाही, हा समज मात्र सविस्तर निरसनास पात्र आहे. बंदुकीच्या दारूत गंधक आणि कोळसा हे जळणारे पदार्थ, तर सोरा हा त्यांना प्राणवायू पुरविणारा. बाहेरच्या हवेची तिला गरजच नसते. सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत-३ या स्थानकावरची तोफ १९७५ च्या जानेवारीत पृथ्वीभोवती फिरत असताना प्रत्यक्ष उडविण्यात आली होती. परंतु याच नियमाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पितळी काडतुसात दारू व ठिणगीची टोपी दोन्ही बंद असतात. तोडा मात्र धुमसत राहण्यास हवा लागते, आणि गारेच्या बंदुकीतली ठिणगी म्हणजे पोलादाचा हवेत जळणारा कण. तेव्हा चंद्रावर आधुनिक पिस्तूल चालेल, चकमकीची बंदूक बहुधा चालणार नाही. ज्या कथालेखकाला आपल्या नायकाच्या हाती जुनी बंदूक द्यायची असेल, त्याने हा भेद आधी पाहून घ्यावा.

आणि अंतराळवीरांजवळ खरीखुरी बंदूक होतीच. १९६५ साली सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह व त्यांचे सहकारी परतताना नियोजित जागेऐवजी उरल पर्वतालगतच्या बर्फाळ अरण्यात उतरले, तेथे हिंस्र श्वापदांचे भय होते. त्या अनुभवातून पुढे सोयूझ यानांत तीन नळ्यांची बंदूक ठेवण्यात येऊ लागली, त्यांतल्या दोन नळ्या शिकारी बंदुकीसारख्या आतून गुळगुळीतच होत्या. रानाशी गाठ पडली की माणसाला अशीच बंदूक आठवते. आपल्या १९५९ च्या शस्त्रकायद्यातही, पिकाच्या रक्षणासाठी परवाना देण्याच्या कलमात, ठासणीच्या बंदुकीचा वेगळा निर्देश आजतागायत कायम आहे.