रिकामा रस्ता, हवेतला माणूस

पॅरिसमधला ऐन वर्दळीचा रस्ता. दुतर्फा झाडं, उंच इमारती, उन्हं चढू लागलेली आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! १८३८ मध्ये लुई दागेरने वरच्या खिडकीतून ‘बुलेव्हार द्यु तांप्ल’चं हे छायाचित्र घेतलं. मग माणसं, घोडागाड्या गेल्या कुठे?

कुठेच गेल्या नव्हत्या. आयोडीनची वाफ दिलेल्या चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला तेव्हा काही मिनिटं लागत. जो चालत राहिला, त्याची खूणही पत्र्यावर पडली नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात तेवढा एकजण दिसतो, एक पाय वर टेकवून उभा. बुटांना पॉलिश करून घेत असावा. छायाचित्रात सापडलेला हा बहुधा पहिला माणूस! नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही. बूट चकाचक ठेवायची हौस कुणाला इतकी फळली नसेल.

आता त्याच शहरात १९३२ मध्ये या. गार सें-लाझार स्टेशनमागे पाणी साचलंय आणि एक गृहस्थ त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकणार, पण अजून टेकलेली नाही. खाली त्याचं प्रतिबिंब, मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तशीच झेपावणारी नर्तकी. हे टिपलं आन्री कार्तिए-ब्रेसाँने. (गांधीजींच्या अंत्ययात्रेची गाजलेली छायाचित्रं काढणारे तेच.) हातात छोटा लायका कॅमेरा, समोर कुंपण; फळ्यांच्या फटीतून चित्र घेतलं. फळीने अडवलेली कड नंतर कापावी लागली. एरवी ते चित्राला कात्री लावू देत नसत.

दोन्ही चित्रांमधला फरक शटर किती वेळ उघडं राहिलं, याचा आहे. सेकंदाच्या १२५व्या भागात चालणारा माणूस जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो, म्हणून तो स्थिर दिसतो. काही मिनिटं दिलीत, तर तोच माणूस नाहीसा होतो. रस्त्याच्या चित्रात कोण राहणार, हे असं घड्याळ ठरवतं. मला तरी हे जादूपेक्षा कमी वाटत नाही.

पॅरिसला गेलात तर मारे भागात कार्तिए-ब्रेसाँ फाउंडेशन आहे, तिथून चालत जाण्याजोगं ‘मेझों युरोपियेन द ला फोटोग्राफी’ही आहे. प्रदर्शनं बदलत असतात आणि सोमवारी दोन्ही बंद, तेव्हा बेत आखताना पाहून घ्या. माझं ऐकाल तर आधी दालन, मग रस्ता. तासभर चांगले प्रिंट जवळून पाहिले की बाहेर पडल्यावर नजर आपोआप पायांवर, सावल्यांवर, भिंतींवरच्या पोस्टरांवर जाते.

संध्याकाळी सीन नदीवरच्या एखाद्या पुलाच्या कठड्याला फोन टेकवा, प्रो मोडमध्ये शटर अर्ध्या सेकंदावर ठेवा आणि बघा: घाईतली माणसं धुरासारखी होतील, नदी पाहत थांबलेली बरीचशी ठसठशीत येतील. चेहरा ओळखू येत असेल, तर तो फोटो कुठे छापण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. फ्रान्समध्ये स्वतःच्या छबीवर माणसाचा कायदेशीर हक्क मानतात.